पाद्री कोणी व्हायचे?

मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्या पुष्कळांना इन्सुली हे नाव ठाऊक असते ते तिथल्या तपासणी नाक्यामुळे. गोव्याकडून येणारी गाडी बांदा ओलांडते, इन्सुलीच्या नाक्यावर थांबते, झडती होते आणि मग सावंतवाडीचा रस्ता मोकळा होतो. सतराव्या शतकातही हा मुलूख सरहद्दीचाच होता. तेव्हा पोर्तुगिजांचा बार्देश शापोरा नदीपाशी संपे. नदीच्या उत्तरेला पेडणे, बांदा, वेंगुर्ले आणि पूर्वेला डिचोली हा सारा टापू विजापूरच्या आदिलशहाचा. नदीच्या एका काठावर इन्क्विझिशनचे, म्हणजे चर्चचे, धर्मन्यायालय माणसांना पकडू शकत होते, दुसऱ्या काठावर त्याचा हात पोचत नव्हता.

या आदिलशाही मुलखात तीन चर्च उभी राहिली: एक डिचोलीत, एक बांद्याला आणि एक वेंगुर्ल्याला. त्यांना परवानगी दिली ती एका मुसलमान सुलतानाने, आणि ती उभारणारा बिशप युरोपातून आलेला नव्हता. तो मांडवीतल्या दिवाडी बेटावरचा, बाटलेल्या ब्राह्मण घराण्यातला होता. मातेउश द कास्त्रो महाले हे त्याचे नाव. गोव्याच्या आर्चबिशपने त्याला साधा पाद्री करायलाही नकार दिला होता.

कॅथलिक मिशनरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लांब झग्यातला, दाढीवाला, गोरा माणूस येतो. गोव्याचा इतिहास असाच सांगितला जातो, प्रशांत महासागरातल्या बेटांचाही. मंगलोरपासून ताहितीपर्यंतची ही सगळी धर्मप्रसाराची कथा युरोपातून आलेल्यांची, असे आपण गृहीतच धरतो. पण बांद्याच्या बाजूने पाहिले तर तिच्यात दुसरीच माणसे दिसू लागतात: दुभाषे, धर्मशिक्षक, बेटांवरचे नि कोकणातले पाद्री. आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तोच वाद ऐकू येतो. धर्म इथल्या माणसांनी स्वीकारायचा, हे ठीक. पण तो शिकवण्याचा अधिकार त्यांना कधी मिळणार?

सुरुवात होते ती जगाच्या वाटणीपासून. 1494 साली तोर्देसिल्यासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगालने अटलांटिक महासागरातून एक उभी रेघ मारली. पश्चिमेचे स्पेनला, पूर्वेचे पोर्तुगालला. पृथ्वी गोल असल्यामुळे या दोन वाटा पलीकडच्या बाजूला एकमेकींना भिडणारच होत्या, आणि त्या भिडल्या नेमक्या लवंग-जायफळाच्या मोलुक्का बेटांपाशी. 1529 साली सारागोसाचा आणखी एक तह करून तिथली हद्द ठरवावी लागली. पोपने या राजांना नव्या मुलखांवर हक्क दिले, पण बदल्यात जबाबदारीही टाकली. मिशनरी पाठवायचे, त्यांचा खर्च करायचा, चर्च बांधायची, बिशपांची नावे सुचवायची. पोर्तुगीज राजाच्या या हक्काला पाद्रोआदो म्हणत. मसाल्याचे जहाज, तोफा आणि पाद्री एकाच बंदरातून निघत, याचे कारण हा करार.

पूर्वेकडच्या या सगळ्या कारभाराचे ठाणे होते गोवा. 1510 साली आल्फोन्सो द आल्बुकर्कने ते जिंकले, 1530च्या दशकात तिथे धर्मप्रांत स्थापन झाला आणि त्याची हद्द आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीनपर्यंत मानली गेली. 6 मे 1542 रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले. आज गोवेकर त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात, 3 डिसेंबरच्या फेस्ताला जुन्या गोव्यात सिंधुदुर्गातूनही माणसे जातात. पण झेवियर गोव्यात फार काळ राहिलेच नाहीत. 1546च्या आरंभी ते मलाक्काहून निघाले आणि फेब्रुवारीत आंबोन बेटावर पोचले. तिथून तेर्नाते, तिथून त्याही पलीकडची मोरो बेटे. प्रशांत महासागराच्या उंबरठ्यावरची ही बेटे. त्यांनी प्रार्थना तिथल्या मलय भाषेत बसवून घेतल्या, कारण गाण्यातून शिकवलेले मुलांच्या तोंडी राहते हे त्यांना भारताच्या किनाऱ्यावर कळले होते.

झेवियर जपानला गेले तेही एका जपानी माणसाच्या भरवशावर. कागोशिमाचा आंजिरो त्यांना मलाक्कात भेटला. 1548 साली गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला आणि पुढच्याच वर्षी झेवियर त्याच्याबरोबर कागोशिमाला उतरले. आंजिरोवाचून त्यांना जपानात एक वाक्यही नीट बोलता आले नसते.

असाच एक दुभाषा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचाही आहे, आणि त्याची कहाणी वसईबाहेरच्या मराठी वाचकांना फारशी माहीत नाही याचे वाईट वाटते. गोन्सालो गार्सियाचा जन्म 1556च्या सुमारास वसईत झाला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. तरुणपणीच तो जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, त्यांच्या कामात वर्षानुवर्षे राबला. त्याला जेझुइट संघात जायचे होते. ते झाले नाही. मग त्याने व्यापार केला, त्यात जम बसवला, आणि शेवटी सगळे सोडून फिलिपिन्समधल्या मनिला शहरात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाला. 1593 साली स्पॅनिश फ्रान्सिस्कनांची एक तुकडी पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली मनिलाहून जपानला निघाली, तेव्हा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे बोलायला त्यांच्याकडे माणूस होता तो हा वसईकर. पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत 26 जणांना क्रुसावर चढवले, त्यात गोन्सालो होता. 1862 साली पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद दिले. भारतात जन्मलेला कॅथलिक चर्चचा हा पहिला संत. वसईजवळ गासला त्याच्या नावाचे चर्च आहे, वसईत महाविद्यालय आहे.

त्याला संत म्हणून पुजले गेले, पण ज्या संघात त्याला जायचे होते त्या संघाचे दार त्याला उघडले नव्हते, हे विसरता कामा नये. भारतीयांसाठी ते जवळजवळ बंदच होते. मलबारचा एक ब्राह्मण, पेरो लुईश, 1561 साली जेझुइट संघात घेतला गेला. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या दुसरा कुणी नाही. गोव्यातले सेंट पॉल कॉलेज मोलुक्कांपासून जपानपर्यंतच्या मुलांना शिकवत होते. शिकून ती मुले दुभाषे होत, धर्मशिक्षक होत, फार तर एखाद्या पॅरिशचे मदतनीस पाद्री. त्याच्या वर जायची वाट नव्हती.

मातेउश द कास्त्रो या भिंतीवर जाऊन आदळला. जन्म 1594च्या आसपास, शिक्षण बार्देशातल्या रेइश मागुश इथल्या फ्रान्सिस्कन कॉलेजात. देशी माणसाला दीक्षा द्यायचीच नाही, असा तेव्हाच्या आर्चबिशपचा निश्चय होता. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मातेउशने रोमची वाट धरली, आणि तीही खुष्कीची. इराण, पवित्र भूमी असा प्रवास करत 1625 साली तो रोमला पोचला.

वेळ त्याच्या बाजूची होती. तीनच वर्षांपूर्वी, 1622 साली, पोपने प्रोपगांडा फिदे नावाची संस्था स्थापन केली होती. मिशनरी कामाची सूत्रे स्पेन-पोर्तुगालच्या राजांच्या हातून काढून रोमकडे आणायची हा तिचा हेतू. तिचा सचिव फ्रांचेस्को इंगोली याला मनापासून वाटत होते की प्रत्येक देशाचे पाद्री त्या देशातले असावेत. त्याच्यासमोर दिवाडीचा हा हुशार, हट्टी, अन्याय सोसलेला तरुण उभा राहिला, तेव्हा इंगोलीला आपल्या म्हणण्याचा जिवंत पुरावाच सापडला. मातेउश शिकला, पाद्री झाला, गोव्याला परतला. गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनी त्याची कागदपत्रे मानली नाहीत. तो पुन्हा रोमला गेला, आणि 1637 साली त्याला बिशप करण्यात आले. नेमणूक झाली ती आदिलशाही मुलखासाठी व्हिकार अपोस्तोलिक म्हणून, म्हणजे थेट पोपचा प्रतिनिधी. पोर्तुगीज राजाच्या संमतीची गरज नाही. लॅटिन परंपरेतला पहिला भारतीय बिशप तो हा.

पोर्तुगीज हद्दीत त्याला बिशप म्हणून वावरता येईना. म्हणून तो सरहद्द ओलांडून डिचोलीला राहिला. बांद्याचे आणि वेंगुर्ल्याचे चर्च याच काळातले. इथे जरा थांबून विचार करण्याजोगे आहे. गोव्यात देवळे पाडली गेली, मंगेश 1560 साली कुशस्थळीहून प्रियोळला न्यावा लागला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. देव सरहद्दीच्या पलीकडे गेले ते जीव वाचवायला. आणि त्याच सरहद्दीच्या पलीकडे, त्याच आदिलशाही मुलखात, एक कॅथलिक बिशपही आसरा शोधत आला. राज्यसत्तेच्या पाठबळाशिवाय, तोफेशिवाय, इन्क्विझिशनशिवाय ख्रिस्ती धर्म कसा दिसू शकतो याचा एक प्रयोग बांदा-डिचोली-वेंगुर्ले या पट्ट्यात झाला.

मातेउश संत नव्हता. त्याचा स्वभाव भांडखोर होता. 1653 साली त्याने गोव्यातल्या ख्रिस्ती ब्राह्मणांना उद्देशून ‘ब्राह्मणांचा आरसा’ या अर्थाच्या नावाचे एक जळजळीत पत्रक लिहिले. पुढच्या वर्षी आदिलशाही फौज बार्देश-साष्टीत घुसली, तेव्हा हे त्यानेच घडवून आणले असा आरोप पोर्तुगिजांनी त्याच्यावर ठेवला. डचांशी संधान बांधल्याचाही ठेवला. पण त्याच्या पत्रकाचे नाव पुरेसे बोलके आहे. त्याचे भांडण होते ते ख्रिस्ती ब्राह्मणांच्या मानाचे. इतर जातींच्या ख्रिस्ती माणसाने पाद्री व्हावे की नाही, हा प्रश्न त्याला तितका छळत नव्हता. गोऱ्या कातडीचा अहंकार त्याला स्पष्ट दिसला. स्वतःच्या जातीचा दिसला नाही. शेवटी तो रोमला परतला आणि 1677 साली तिथेच वारला. त्याच्या जागी कुश्तोदियु द पिन्यु हा दुसरा गोवेकर या मुलखाचा व्हिकार अपोस्तोलिक झाला.

जातीचा हा धागा पुढेही तुटला नाही. 1680च्या दशकात गोव्यातल्या देशी पाद्र्यांनी जुन्या गोव्यात स्वतःचा संघ उभा केला, ओरेटरी. युरोपीय संघ घेत नाहीत, तर आपला आपण काढू, ही त्यामागची ऊर्मी. पण या संघात प्रवेश फक्त ब्राह्मणांना. चारडी जातीच्या पाद्र्यांना आपली वेगळी चूल मांडावी लागली.

तरीही याच ओरेटरीने मिशनरी इतिहासातले एक विलक्षण काम केले. बाणावलीला 1651 साली जन्मलेले जुझे वाझ आधी कानडी किनाऱ्यावर फिरले, मग 1687 साली श्रीलंकेत शिरले. शिरले म्हणायचे कारण, डचांनी तिथे कॅथलिक पूजाअर्चा बंद पाडली होती आणि पाद्री सापडला तर त्याची धडगत नव्हती. वाझ मजुराच्या वेशात, अनवाणी जाफनाला पोचले. तमिळ शिकले, सिंहली शिकले. कँडीच्या बौद्ध राजाने त्यांना पोर्तुगीज हेर समजून कैदेत टाकले, मग त्यांची पारख झाल्यावर मोकळीक दिली. 1697 साली कँडीत देवीची साथ आली, माणसे आपल्या घरच्यांना टाकून पळाली, तेव्हा वाझ आणि त्यांचे सोबती रोग्यांजवळ राहिले. युरोपातून पैसा नाही, पाठीशी आरमार नाही; गोव्याहून एकेक पाद्री चोरवाटेने येत राहिला आणि मोडकळीला आलेला समाज पुन्हा उभा राहिला. 1711 साली वाझ कँडीत वारले. 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केले.

गोव्यातला अन्याय मात्र तसाच होता. जुझे आंतोनियु गोन्साल्विश आणि कायतानु फ्रांसिश्कु कोत हे दोघे विद्वान गोवेकर पाद्री रोमला आणि लिस्बनला गेले, बिशपपदांसाठी त्यांची नावे चर्चेत आली आणि डावलली गेली. ते संतापाने परतले. 1787 साली पोर्तुगीज सत्तेविरुद्ध झालेल्या पिंटोंच्या बंडात हे दोघे पुढारी होते. बंड उघडकीला आले, 15 जणांना देहदंड झाला. मातेउशला जाऊन तेव्हा शंभरावर वर्षे लोटली होती.

एकोणिसाव्या शतकात हीच कहाणी प्रशांत महासागरात नव्याने सुरू झाली. फिलिपिन्स आणि ग्वाम स्पॅनिशांनी आधीच कॅथलिक केले होते. उरलेल्या बेटांवर 1797पासून इंग्रज प्रोटेस्टंट मिशनरी पोचले होते. कॅथलिक उशिरा आले. प्रोपगांडाने 1830च्या दशकात महासागराची वाटणी केली: पूर्वेची बेटे पिकपस संघाला, पश्चिमेची मारिस्ट संघाला, दोन्ही फ्रेंच. 1836 साली ताहितीच्या राणी पोमारेने दोन फ्रेंच पाद्र्यांना हाकलले. त्याची भरपाई मागायला फ्रेंच युद्धनौका आली आणि 1842 साली ताहितीवर फ्रान्सचे संरक्षित राज्य लादले गेले. मंगारेवा बेटावर फादर लावाल यांनी पोवळ्याच्या दगडांचे भव्य कॅथेड्रल उभारले. त्याच दशकांत बाहेरून आलेल्या रोगांनी बेटावरची माणसे झपाट्याने मरत गेली. आणि याच महासागरात हवाईच्या मोलोकाई बेटावर बेल्जियमचे फादर डेमियन 1873 साली कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहायला गेले, त्यांची घरे बांधली, त्यांच्या कबरी खणल्या, स्वतः त्याच रोगाने 1889 साली वारले. या दोन्ही गोष्टी एकाच चळवळीच्या आहेत. एक सांगून दुसरी झाकणे अप्रामाणिक ठरेल.

पण इथेही प्रत्यक्ष काम बेटांवरच्याच माणसांनी केले. एकेका मिशनरीच्या वाट्याला डझनावारी बेटे असत. रविवारची प्रार्थना, मुलांचे शिक्षण, आजाऱ्याच्या उशाशी बसणे हे सारे स्थानिक धर्मशिक्षक करत. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी न्यू ब्रिटन बेटावरचे परदेशी पाद्री कैदेत टाकले, तेव्हा राकुनाई गावचा धर्मशिक्षक पीटर तो रोट याने गावाची उपासना चालू ठेवली. जपान्यांनी बहुपत्नीत्वाला मुभा दिली, त्याला तो उघड विरोध करत राहिला, आणि 1945 साली कैदेत मारला गेला. लग्न झालेला, मुलाबाळांचा बाप असलेला हा माणूस ऑक्टोबर 2025मध्ये पापुआ न्यू गिनीचा पहिला संत झाला.

पाद्रीपदाची वाट मात्र तिथेही लांबच होती. पापुआचा लुई वांगेके याला शिकायला दूर मादागास्करला धाडावे लागले. 1937 साली तो पाद्री झाला, बिशप व्हायला 1970 उजाडले. सामोआचे पिओ ताओफिनुउ 1968 साली बिशप झाले, 1973 साली कार्डिनल. आपल्याकडेही तारखा याच्या फार पुढे नाहीत. मुंबईचे इंग्रज आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स भारतीय माणसाला जागा मिळावी म्हणून स्वतःहून बाजूला झाले, आणि 1950 साली गोवेकर घराण्यातले व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. तीन वर्षांनी देशाचे पहिले कार्डिनल. गोव्याच्या आर्चबिशपच्या आसनावर गोवेकर, राऊल गोन्साल्विस, बसले ते 1978 साली. ज्या आसनावरून मातेउशला नकार मिळाला होता, ते हेच.

गोव्यातून बेटांकडे जाणारी वाटही बुजली नाही. 1887 साली आगोंदला देशी पाद्र्यांनी एक मिशनरी संघ काढला. पिलारचा संघ म्हणून तो आज ओळखला जातो. अंदमान-निकोबारमध्ये या संघाचे पाद्री पोचले आणि 1984 साली पोर्ट ब्लेअरचा धर्मप्रांत झाला तेव्हा त्याचे पहिले बिशप पिलारचेच आलेक्स डायस होते.

आता पुन्हा बांद्याच्या बाजूला येऊ. सावंतवाडी संस्थानात पोर्तुगिजांचे राज्य कधी स्थिरावले नाही. इथले कॅथलिक सावंत-भोसल्यांची प्रजा म्हणून वाढले. घरात कोकणी, बाजारात मालवणी, शाळेत मराठी. पुढे हा भाग पुणे धर्मप्रांतात होता. 5 जुलै 2005 रोजी सिंधुदुर्गचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याचे केंद्र सावंतवाडी, आणि पहिले बिशप अँथनी आल्विन फर्नांडिस बारेतो.

मातेउशची पत्रे, अहवाल आणि तक्रारी रोममधल्या प्रोपगांडाच्या दफ्तरखान्यात आहेत. त्यांच्या आधारे त्याचे चरित्र 1937 साली लिहिले गेले ते फ्रेंचमध्ये. मराठीत त्याच्यावर सविस्तर ग्रंथ व्हायला हवा. बांदा आणि वेंगुर्ल्याच्या त्या चर्चचे पुढे काय झाले, तिथे कोण येत होते, आदिलशाही गेल्यावर त्यांना कोणी सांभाळले, हे पोर्तुगीज आणि मोडी कागद एकत्र वाचणाऱ्या माणसालाच शोधता येईल. सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांतून इतिहास शिकणाऱ्या एखाद्या मुलामुलीने हे काम हाती घ्यावे. बांदा त्यांच्या दारातच आहे, पणजीचा पुराभिलेख विभाग एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर.